चीक तापवला की फाटतो, मग दूध का फाटत नाही? खरवसातल्या प्रथिनांविषयी

रसायनी (धागाकर्ता)

चिकाचं, म्हणजे नुकत्याच व्यायलेल्या गायीच्या दाट दुधाचं, पातेलं थेट गॅसवर ठेवलं की उकळी फुटायच्या आधीच तळाशी गुठळ्या धरतात आणि बघता बघता सगळ्याचा चोथा-पाणी होतं. साधं दूध मात्र दिवसातून चार वेळा उकळलं तरी जसंच्या तसं. गाय तीच, कास तीच. पाककृतीच्या धाग्यांवर हा प्रश्न दर वेळी येतो आणि 'चीक जड असतो' एवढ्यावर सोडून दिला जातो. उत्तर प्रथिनांच्या घडणीत आहे, म्हणून हा वेगळा धागा.

दुधातल्या प्रथिनांची दोन कुळं. गायीच्या दुधात साधारण ८० टक्के प्रथिन केसीन आणि उरलेलं २० टक्के निवळीतलं, म्हणजे पनीर काढल्यावर जे हिरवट पाणी उरतं त्यातलं (व्हे प्रथिनं).

केसीन म्हणजे सैल दोरा. बीटा-केसीनची साखळी २०९ अमिनो आम्लांची, त्यातली ३५ च्या आसपास प्रोलीन. प्रोलीन आलं की साखळीला तिथे कोपरा पडतो आणि नीट मळसूत्र किंवा पट्टी बनत नाही. त्यामुळे केसीनला ठरलेली घडीच नसते. उष्णतेने प्रथिन 'बिघडतं' म्हणजे त्याची घडी उलगडते. इथे उलगडायला काही नाही, म्हणून केसीन उकळीला दाद देत नाही. हे दोरे कॅल्शियम फॉस्फेटच्या बारीक गाठींनी एकत्र बांधलेले असतात. त्या गोळ्याला मिसेल म्हणतात, आकार सरासरी १५० ते २०० नॅनोमीटर. गोळ्याच्या बाहेर कापा-केसीनची लव असते. तिच्यावर ऋण प्रभार असतो, म्हणून गोळे एकमेकांना दूर ठेवतात. दूध पांढरं दिसतं ते बरंचसं या गोळ्यांवर प्रकाश विखुरल्यामुळे.

निवळीतली प्रथिनं याच्या नेमकी उलट, घट्ट घडी घातलेली. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन १६२ अमिनो आम्लांचं. त्याच्या आठ पट्ट्या गोल वळून पिंपासारखा आकार होतो. पाण्याला नकोसे भाग पिंपाच्या आत दडलेले, दोन डायसल्फाइड टाके (गंधकाला गंधक जोडून पडलेले) घातलेले आणि एक मोकळा गंधकाचा गट (थायॉल) आत लपलेला. ७० अंशांच्या पुढे हे पिंप उघडायला लागतं. आतले भाग बाहेर येतात, मोकळं गंधक शेजारच्या साखळीचा टाका पकडतं. दूध उकळताना जो खास 'तापल्या दुधाचा' वास येतो, त्याला हेच उघडं पडलेलं गंधक मोठ्या प्रमाणात कारण आहे.

साध्या दुधात हे प्रथिन थोडं असतं. उघडलं की ते जवळच्या केसीनच्या गोळ्यावर जाऊन चिकटतं आणि दूध पातळच राहतं. चिकात मात्र पारडं फिरलेलं असतं. व्यायल्यानंतरच्या पहिल्या धारेत (होल्स्टीन गायींचे सरासरी आकडे) एकूण प्रथिन १४ टक्के, त्यात केसीन फक्त ४.८. उरलेलं ९ टक्क्यांहून जास्त प्रथिन घडीचं, आणि त्यातला मोठा वाटा प्रतिपिंडांचा, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनचा.

मुख्य प्रतिपिंड आयजीजी. वजन सुमारे दीड लाख डाल्टन, आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा. दोन जड साखळ्या, दोन हलक्या. हलकीत दोन कप्पे, जडीत चार, म्हणजे एकूण बारा. प्रत्येक कप्पा सुमारे ११० अमिनो आम्लांचा: दोन चपट्या पट्ट्यांच्या चादरी एकमेकींवर ठेवलेल्या आणि मध्ये डायसल्फाइडची टाचणी. तापमान ७० च्या वर गेलं की या चादरी सुटू लागतात, एकीची सुटलेली कड दुसरीला चिकटते आणि भांडंभर जाळं तयार होतं. पाणी, साखर, स्निग्धांश सगळं त्या जाळ्यात अडकतं. तोच खरवस.

जाळं बनत असताना ढवळलं तर ते तुटतं, तुकडे आकसतात, पाणी सुटतं. गॅसवर चीक फाटतो तो असा. खरवस वाफेवर, न हलवता करायचा तो याचसाठी.

वाफेवरची_वडी

धागा आवडला. आता मापांचं बोलू, कारण खरवस बिघडतो तो बहुतेक वेळा पातळ करण्याच्या अंदाजात.

प्रत्येक धारेगणिक चीक झपाट्याने बदलतो. त्याच आकड्यांमध्ये दुसऱ्या धारेला (सुमारे बारा तासांनी) एकूण प्रथिन ८.४ आणि केसीन ४.३, तिसऱ्या धारेला ५.१ आणि ३.८. वजाबाकी करा. घडीचं, म्हणजे वाफेवर थापणारं प्रथिन पहिल्या धारेत ९.२ टक्के, दुसरीत ४.१, तिसरीत जेमतेम १.३. तिसऱ्या धारेत एकूण प्रथिन साध्या दुधापेक्षा बरंच जास्त आहे, तरी तो चीक नुसता वाफवला तर वडी पडत नाही. कारण त्यातलं बहुतेक केसीन आहे आणि केसीनला वाफ लावून काही होत नाही.

मिश्रणात थापणारं प्रथिन ३ टक्क्यांच्या आसपास राहिलं की सुरीने कापता येईल अशी वडी मिळते. त्यावरून:

पहिली धार: १ वाटी चीक, २ वाट्या दूध. दुधातलं निवळीचं प्रथिन धरून मिश्रणात साधारण ३.५ टक्के राहतं. चीक फार दाट, मधासारखा ओघळणारा असेल तर दूध ३ वाट्यांपर्यंत.

दुसरी धार: २ वाट्या चीक, १ वाटी दूध. साधारण २.९ टक्के. बरोबरीने घेतलं तर २.३ वर येतं, मग वडी नाही, चमच्याने खायचा मऊ खरवस होतो.

तिसरी धार: दूध घालू नका. पहिल्या धारेचा थोडा चीक राखून ठेवला असेल तर त्यात हा मिसळा, दुधाऐवजी.

देशी गायीचे आणि म्हशीचे आकडे वेगळे असतात, एकाच गोठ्यातल्या दोन गायींचेही जुळत नाहीत. म्हणून सगळं मिश्रण डब्यात ओतण्याआधी एका लहान वाटीत दोन चमचे घेऊन वाफवून बघायचं. पाच-सात मिनिटांत कळतं. घट्ट रबरी झालं तर दूध वाढवा, थापलं नाही तर चीक वाढवा. नमुन्याची वाटी हा एकच उपाय खात्रीचा, बाकी सगळे अंदाज.

गूळ एक लिटर मिश्रणाला २०० ते २५० ग्रॅम. याहून गोड केलं तर वेळ जास्त लागतो आणि वडी मऊ होते. साखर प्रथिनांच्या घडीला सावरून धरते, त्यामुळे ती उलगडायला जास्त तापमान लागतं.

जायफळवेलची

गुळाचा खरवस करताना मिश्रण वाफेवर ठेवण्याआधीच कधी कधी कणीदार होतं. आणि कुकरची शिट्टी काढून ठेवायची असं सगळे सांगतात, पण का? शिट्टी लावली तर लवकर होणार नाही का?

वाफेवरची_वडी

@जायफळवेलची, शिट्टीचं आधी. शिट्टी असताना कुकरच्या आत तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. दाबामुळे मिश्रणातलं पाणी तेव्हा उकळत नाही, पण दाब उतरला की डब्यातलं मिश्रण शंभराच्या वर असतं आणि एकदम आतून उकळतं. नुकतंच विणलेलं जाळं त्या बुडबुड्यांनी फाटतं. खरवसाला स्पंजासारखी भोकं पडतात आणि भोकांत पाणी साठतं. शिवाय जाळं जितकं जास्त तापेल तितकं आकसतं आणि पाणी बाहेर पिळून काढतं. खरवसाला शंभर अंशांचीही गरज नाही. डब्याच्या मध्यावर ८० ते ८५ अंश झाले की काम झालं.

कृती अशी: कुकरमध्ये दोन पेरं पाणी, तळाला जाळी किंवा वाटी, पाण्याला उकळी आली की मगच डबा आत ठेवायचा. डब्यावर झाकण हवंच, नाहीतर कुकरच्या झाकणावरचं पाणी ठिबकून वर खळगे पडतात. मंद ते मध्यम आच, मिश्रण तीन-चार सेंटिमीटर उंच असेल तर २० ते २५ मिनिटं. सुरी मध्यभागी घालून बघा: स्वच्छ निघाली की लगेच गॅस बंद. मध्यभाग किंचित थरथरत असेल तरी चालेल, आतल्या उष्णतेवर तो पुढे थापतो. निवल्यावर फ्रिजमध्ये चार-पाच तास ठेवा, मग वड्या. गरम कापला तर कडा तुटतात.

रसायनी

गुळाचं मी सांगतो. इथे दोष प्रतिपिंडांचा नाही, केसीनचा. केसीनच्या गोळ्यांना दूर ठेवणारा ऋण प्रभार आम्लाने कमी होत जातो आणि पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.६ ला पूर्ण संपतो. दुधाचा पीएच ६.६ ते ६.७, चिकाचा त्याहून थोडा खाली, ६.३ च्या आसपास. म्हणजे चीक काठाकडे आधीच थोडा सरकलेला. त्यात पाघळलेला, जुना, आंबूस गूळ पडला आणि मिश्रण गरम असेल तर कणी धरायला वेळ लागत नाही. थंड असताना तेवढंच आम्ल चालून जातं. शेवयांच्या किंवा गव्हल्यांच्या खिरीत गूळ घातल्यावर दूध फाटतं त्याचं कारणही हेच.

म्हणून गूळ चिरून थंड दुधात विरघळवा, गाळा (काडीकचरा निघतो) आणि मग चिकात मिसळा. गूळ गरम करून पाक करून ओतू नका. ताजा, कोरडा गूळ घ्या. कुणी चिमूटभर सोडा सुचवतं. आम्ल मारलं जातं हे खरं, पण रंग काळपट होतो आणि चव साबणासारखी. गूळ बदलणं सोपं.

गोठा_दप्तर

पाककृतीत एक माणूस राहून गेलाय. माणूस नव्हे, वासरू.

एवढं प्रतिपिंड चिकात येतं कशाला? गायी-म्हशींच्या वारेतून (प्लासेंटातून) आईच्या रक्तातले प्रतिपिंड पोटातल्या वासराकडे जात नाहीत. माणसाच्या वारेतून आयजीजी जातं, म्हणून आपलं बाळ थोडी शिदोरी घेऊन जन्मतं. वासरू जवळजवळ रिकाम्या हाताने येतं. विण्याआधीच्या काही आठवड्यांत गाय आपल्या रक्तातलं आयजीजी ओढून कासेत भरते. जन्मल्यावर वासराच्या आतड्याच्या पेशी हे अख्खे रेणू, न पचवता, गिळून रक्तात सोडतात. ही दारं जन्मल्यापासूनच बंद व्हायला लागतात आणि साधारण २४ तासांत पूर्ण मिटतात. त्यानंतर चीक पाजला तर तो अन्न म्हणून पचतो, संरक्षण म्हणून रक्तात जात नाही. चिकात ट्रिप्सिनला अडवणारं एक प्रथिनही असतं, ते प्रतिपिंडांना पोटातल्या कात्रीपासून वाचवतं. एवढी व्यवस्था वासरासाठी केलेली आहे.

म्हणून क्रम असा:

पहिल्या दोन तासांत वजनाच्या १० टक्के चीक. २५ किलोच्या वासराला अडीच लिटर. मग ८ ते १२ तासांनी पुन्हा, पहिल्या धारेचाच. कासेला लावून सोडलं तर किती प्यालं ते कळत नाही, अशक्त वासरू तर नीट ओढतही नाही. मोजून बाटलीने पाजणं चांगलं. चीक ३८-३९ अंश, हाताला कोमट.

वार पडायची वाट पाहू नका. अनेक गोठ्यांत अजून वार पडेपर्यंत धार काढत नाहीत. वार पडायला आठ-दहा तास लागले तर वासराचे सगळ्यात मोलाचे तास गेले.

भांडी आणि सड स्वच्छ. चिकात जंतू गेले तर ते आतड्यात प्रतिपिंडांच्या वाटेत येतात आणि शोषण घटतं.

चिकाचा कस बघायला ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटर वापरतात, तोच उसाच्या रसाला लावतात तो. काचेवर दोन थेंब, उजेडाकडे धरून वाचायचं. २२ किंवा जास्त आलं तर लिटरमागे ५० ग्रॅम आयजीजी धरतात, म्हणजे चांगला चीक. कमी आला तर वासराला दुसऱ्या गायीचा साठवलेला पाजा. रंगावर जाऊ नका. पिवळेपणा कॅरोटीनचा असतो, प्रतिपिंडांना रंग नसतो. म्हशीच्या दुधात कॅरोटीन नसतंच, म्हणून तिचा चीक फिका, तरी कसदार असू शकतो.

वासराचे दोन्ही वेळचे पाजून उरेल तो खरवसाचा. जास्त दुधाच्या गायीकडे भरपूर उरतो, कमी दुधाच्या देशी गायीकडे कधी उरतही नाही, आणि मग खरवस करायचा नाही.

निवांत_वाचक

@गोठा_दप्तर, वारेचा मुद्दा फार महत्त्वाचा, तो वेगळा धागा काढून वर ठेवावा. दोन शंका. खरवस खाल्ल्याने आपली प्रतिकारशक्ती वाढते असं सर्रास सांगतात, ते कितपत? आणि 'ए-टू चीक' म्हणून दुप्पट भावाने विकतात, त्याचा खरवस वेगळा होतो का?

रसायनी

प्रतिकारशक्तीचा दावा टिकत नाही, आणि कारण या धाग्यातच आहे. प्रतिपिंडाचं काम त्याच्या आकारावर चालतं. वायच्या दोन टोकांना जी खोबण असते तिच्यात जंतूचा एखादा भाग बसतो. खरवस थापला याचाच अर्थ तो आकार मोडला. न मोडता थापूच शकत नाही. शिवाय मोठ्या माणसाचं आतडं अख्खं प्रतिपिंड रक्तात घेत नाही, पचवून अमिनो आम्लं करतं. खरवस उत्तम प्रथिनयुक्त पदार्थ आहे, तेवढं पुरे आहे. कच्चा चीक पिण्याचा सल्ला कुणी देत असेल तर ऐकू नका. ब्रुसेलोसिससारखे आजार कच्च्या दुधातून माणसाला होतात.

दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असणाऱ्यांनी खरवस टाळावाच. उष्णतेने घडी मोडते, पण साखळी तशीच राहते, आणि केसीनला तर मोडायला घडी नव्हतीच. लॅक्टोज न पचणाऱ्यांचं प्रकरण वेगळं: पहिल्या धारेत लॅक्टोज सुमारे २.७ टक्के, दुधात साडेचारच्या वर. पण आपण दुप्पट दूध घालतो, त्यामुळे फायदा फारसा उरत नाही.

ए-वन आणि ए-टू यांच्यात फरक बीटा-केसीनच्या ६७ व्या जागेवरच्या एका अमिनो आम्लाचा. ए-टूमध्ये तिथे प्रोलीन, ए-वनमध्ये हिस्टिडीन. खरवस थापतो प्रतिपिंडांवर, त्यामुळे वडीत फरक पडायचं कारण नाही. म्हैस आणि आपल्या बहुतेक देशी गायी तशाही ए-टूच देतात.

कोथरूड_किचन

शहरात चीक मिळत नाही, तेव्हा कंडेन्स्ड मिल्क, दूध आणि दही एकेक वाटी घेऊन वाफवतात. चव जवळ जाते. तो कशावर थापतो? आणि दुकानातला खरवस चायना ग्रासचा आहे का हे ओळखता येतं का?

वाफेवरची_वडी

दह्याचा 'खरवस' केसीनवर थापतो. दह्यातल्या आम्लाने मिश्रणाचा पीएच उतरतो, गोळ्यांवरचा ऋण प्रभार कमी होतो आणि वाफेच्या उष्णतेने ते एकमेकांना चिकटतात. थोडंसं काम निवळीतल्या प्रथिनांचं. दही ताजं, गोडसर, पाणी न सुटलेलं घ्या. आंबट दह्याने रवाळ होतो आणि पाणी सोडतो. दही आधी घोटून घ्या, गुठळी राहिली तर तिथे पांढरा ठिपका उरतो. २० मिनिटं पुरतात.

चायना ग्रास प्रथिन नाही. समुद्री शेवाळातल्या साखरेच्या लांब साखळ्या, गार होताना जोडीने पीळ घालतात आणि ३५ ते ४० अंशांना घट्ट होतात. हा पीळ तापवला की पुन्हा सुटतो, सुमारे ८५ अंशांच्या पुढे. चिकाचं जाळं मात्र एकदा बनलं की परत पातळ होत नाही, कारण त्यात गंधकाचे पक्के टाके पडलेले असतात. ओळखायचं ते यावरून: सुपारीएवढा तुकडा अर्धी वाटी पाण्यात दोन-तीन मिनिटं उकळा. चायना ग्रास किंवा जिलेटिन विरघळतं, पाणी दुधाळ होतं, गार झाल्यावर तेच पाणी परत लिबलिबीत होतं. प्रथिनाचा तुकडा आकसतो, पण राहतो. कॉर्नफ्लॉवरची शंका असेल तर थंड तुकड्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब: निळा-काळा झाला तर पिठूळ. दह्याचा खरवस मात्र या दोन्ही परीक्षांत पास होतो, तो चवीवरूनच ओळखावा लागेल.

गोठा_दप्तर

विकत चीक घेणाऱ्यांसाठी एक राहिलं. गाय आटवताना (विण्याआधी तिचं दूध काढणं बंद करताना) सडात प्रतिजैविकाच्या ट्यूब सोडतात. त्याचा अंश पहिल्या धारांत येऊ शकतो. ट्यूबच्या वेष्टनावर किती दिवस दूध वापरू नये ते छापलेलं असतं. गाय ठरल्या तारखेआधी व्यायली तर ती मुदत पुरी झालेली नसते. चीक घेताना गाय कधी आटवली, ट्यूब सोडली होती का, एवढं विचारा. रक्ताळलेला, तारा सुटणारा किंवा गाठी असलेला चीक खरवसालाही नको आणि वासरालाही नको, कासदाह असू शकतो.

जायफळवेलची

शेवटचं. पहिल्या धारेचा चीक फ्रीजरमध्ये ठेवला तर नंतर थापेल का?

गोठा_दप्तर

थापेल. गोठल्याने प्रतिपिंडाची घडी फारशी मोडत नाही. उणे १८ ते उणे २० अंशांत वासरासाठी वर्षभर साठवतात. एक-एक लिटरच्या चपट्या पिशव्या करा, तारीख आणि कितवी धार ते लिहा. फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, जिथे बर्फ वारंवार सुटतो, तिथे नको. दर वेळी सुटून गोठताना स्निग्धांश वेगळा होतो.

सोडवताना पिशवी कोमट पाण्यात, पाणी ५० अंशांच्या वर नको. मायक्रोवेव्हमध्ये कडेचा भाग आधी तापतो आणि पिशवीतच खरवस होऊन बसतो. वासराला पाजायचा असेल तर तेवढा भाग वाया. खरवसाला घेणार असाल तर रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा, सकाळपर्यंत सुटतो. वर आलेली साय हळूच ढवळून मिसळा, गाळा, आणि नमुन्याची वाटी याही वेळी लावा.